हिमड्रॅगनची डावी बाजू

६ नोव्हेंबर

चि. खटपट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि वर एक शाबासकी.

वि. वि. तुझं खोकं काल सुखरूप पोचलं. ड्रॅगनचे पंख तू इतक्या कापसात गुंडाळले होतेस की ह्यांना वाटलं, कुणीतरी उशी भेट पाठवलीये. पंख धडाला कुठे चिकटवलेत ते नखानं चाचपूनही कळत नाही. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस फासून घेणाऱ्या माणसाचं हे काम आहे, असं सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

आमच्या जेवणाच्या टेबलावर आता जेवण सोडून सगळं आहे. एका टोकाला सांगाड्यांची पलटण वाळतेय, दुसऱ्या टोकाला चेटकीण आणि तिचा तीन डोक्यांचा कुत्रा. ह्यांचं ताट मधल्या खिंडीत. लोक हे पुतळे पटावर लढाया खेळायला घेतात आणि आपण बहीणभाऊ नुसते जोडत-रंगवत बसतो, म्हणून हल्ली हे आपल्याला ‘बिनलढाईचे सेनापती’ म्हणतात.

पण यंदा लढाई आहेच. फेब्रुवारीअखेर आमच्या सभागृहात प्रदर्शन भरतंय, आणि हा ड्रॅगन मी तिथे मांडणार. बर्फासारखा पांढरा. हिमड्रॅगन! गेल्या वर्षी त्या परीक्षक बाईंनी माझ्या पुतळ्यांखाली चिठ्ठी ठेवली होती: ‘हात उत्तम, रंग भडक.’ अजून घशाखाली उतरलेली नाही ती. कवळ्या बनवायच्या कारखान्यात मी जन्म काढला. डेंटिस्ट लोक पेशंटला माझ्याकडे पाठवायचे, दाताची नेमकी छटा पारखायला. पांढऱ्यात किती पांढरे असतात, ते मला कुणी शिकवू नये.

सोबत ड्रॅगनवर बसणारी हिमराणी पाठवतेय. आधी हिच्यावर हात बसवून पाहिला. फोनवरच्या फोटोत रंगांचं मातेरं होतं, म्हणून मुद्दाम टपालानं. प्रत्यक्ष बघ आणि अगदी खरं काय ते लिही.

मास्तरीण भावजयबाईंना आशीर्वाद. आठवण ठेव, आणि पत्राला ग्रीस लावू नकोस.

तुझी ताई

---

१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिमराणी पोचली. काय तो चेहरा! वाटाण्याएवढ्या डोक्यावर तू पापण्या काढल्यास, आणि डाव्या भुवईत तिचा सगळा तोरा उतरवलास. झग्याच्या काठावरची नक्षी मी भिंगातून पाहिली, मग भिंग पुसून पुन्हा पाहिली. आमच्या मास्तरीणबाईंनी शाळेत नेऊन सगळ्या शिक्षकांना दाखवली. चित्रकलेच्या सरांनी म्हणे ती खिडकीशी नेऊन दोनदा पाहिली.

इकडे एका दवाखान्याची लिफ्ट मधेच अडकली. आत एक गृहस्थ होते. त्यांना बाहेर काढेपर्यंत त्यांनी मला आतून त्यांच्या घटस्फोटाची पूर्ण हकिगत सांगितली. दार उघडल्यावर मात्र ओळखही दाखवली नाही.

ड्रॅगनखालचा खडक तयार करतोय. बुचाचे तुकडे लावून कडा छान झालाय. बाकी ठीक. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझ्या मायेचा हक्कदार,
खटपट्या

---

२३ नोव्हेंबर

चि. खटपट्यास,
आशीर्वाद आहेतच, पण जरा हात राखून.

पापण्या पाहिल्यास, भुवई पाहिलीस, काठ पाहिलास. रंगाबद्दल एक अक्षर नाही! कुणाचं तरी काहीतरी झाकायचं असलं की तू गोष्टी सांगायला लागतोस, हे मी तुझ्या दुधाच्या दातांपासून ओळखून आहे. तो लिफ्टमधला घटस्फोटवाला मला नको. राणीचं पांढरं कसं वाटलं, ते सांग.

आधीच माझं डोकं फिरलंय. घरातले सगळे दिवे मंद झालेत. दोनदा बल्ब बदलून घेतले, तरी उजेड पडेना. ह्यांचे पांढरे शर्ट इतके कळकट दिसायला लागलेत की मी नीळ वाढवत नेली. तर परवा फिरायला गेले असताना त्यांच्या मित्रांनी विचारलं म्हणे, की हा आकाशी रंगाचा गणवेश कुठल्या पथकाचा. ह्यांनी तसं येऊन सांगितलं. मी म्हटलं, तुमच्या मित्रांना चष्म्याची गरज आहे.

वाट पाहतेय. खरं लिहिशील तर माया दुप्पट.

ताई

---

१ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या पत्राचे कागद मी आधी बरेच फाडलेत. शेवटी मास्तरीणबाईंनी समोर खुर्ची टाकली आणि विचारलं, की मुलांच्या वहीत चूक दिसूनही बरोबरची खूण करणारा मास्तर आपल्याला आवडेल का. आता त्या तिथेच बसल्यात.

ताई, राणी पांढरी नाहीये. ती निळी आहे. जरा निळसर झाक वगैरे नाही, चक्क निळी. पाण्यात बुडालेल्या माणसासारखी. आधी मला वाटलं, तूच मुद्दाम केलंयस. मग तू पूर्वी रंगवून दिलेली घोडेस्वार मुलगी कपाटातून काढली आणि दोघींना खिडकीत शेजारी उभं केलं. तिचा घोडा दुधासारखा पांढरा आहे. तुझा हात तोच, ताई, किंबहुना आता जास्तच बारीक झालाय. बदललंय ते दुसरंच काहीतरी. तुझं मंद दिव्यांचं आणि शर्टांचं पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं, दोष दिव्यांचा नाही. बल्ब नकोत बदलायला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

तुझ्या डोळ्याला कुणी नावं ठेवलेली मला सहन व्हायची नाहीत, आणि आज मीच ठेवतोय. रागाव हवं तेवढं, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

खटपट्या

---

५ डिसेंबर

चि. भावास,

पत्र मिळालं. माझी राणी आणि माझी घोडेस्वार परत पाठव. खडक तुझ्याकडेच असू दे, खुंटीला अडकव.

ताई

---

१८ डिसेंबर

प्रिय मेहुणेबुवा,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या ताईच्या संमतीनं लिहितोय. संमती म्हणजे, मी विचारलं आणि ती भिंतीकडे बघत राहिली.

तुमचं पत्र आल्यावर ती दोन दिवस रंगांना शिवली नाही. मी ग्रंथपाल होतो, त्यामुळे शांततेची सवय आहे. मग एका दुपारी तिनं माळ्यावरून कारखान्यातली जुनी पट्टी काढली. तिला पोर्सेलिनचे नमुन्याचे दात लावलेले असतात, पिवळटापासून पांढऱ्यापर्यंत. ते सगळे सोडवून टेबलावर ओतले आणि ओळीनं मांडायला बसली. पूर्वी बोलता बोलता मांडायची. मांडून झाल्यावर मला पाठीमागचे आकडे वाचायला सांगितले. मी वाचले. मधले बरेच दात इकडचे तिकडे झाले होते. मी खोटं वाचायचा विचार केला होता, पण माझ्या आवाजावरून तिला कळलंच असतं.

तिनं दात पुन्हा पट्टीत बसवले, पर्स घेतली आणि मला चप्पल घाला म्हणाली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडत जातं, तेही इतकं सावकाश की माणसाला पत्ता लागत नाही. आणि पिवळ्या काचेतून पांढरं दिसावं, म्हणून ही जास्त जास्त निळं घालत गेली. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, डाव्याचं काही आठवड्यांनी. तुमची ताई म्हणाली, एक डोळा जरी बिघडला तर मी रंगवायचं कशानं. त्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, की आत्ता तुम्ही कशानं रंगवताय. ऐकून मला घाम फुटला, पण हिनं मान डोलावली.

पुढच्या आठवड्याची तारीख मिळालीये. ती घाबरलीये, कबूल करणार नाही. तुमच्यावरचा राग मात्र उतरलाय, कारण काल तिनं तुमचा खडक किती उंच आहे असं मला विचारलं.

आमच्यावर स्नेह आहेच, तो थोडा तिच्याकडे जास्त वळवा.

तुमचा आकाशी भाऊजी

---

३० डिसेंबर

माझ्या लाडक्या खटपट्यास,
असतील नसतील तेवढे सगळे आशीर्वाद!

अरे, जग निळं आहे! डोळ्यावरची पट्टी काढली आणि समोर डॉक्टरीणबाईंचा कोट. इतका पांढरा, की मला तो दिवाच वाटला. घरी आले तर न्हाणीघरातल्या फरश्या, ज्या मी वर्षानुवर्षं मळकट पिवळ्या समजून घासत होते, त्या स्वच्छ पांढऱ्या! ह्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगात तोच शर्ट होता. मी उंबऱ्यातच बसले आणि पोट धरून हसले. त्या माणसानं सहा महिने आकाशी होऊन फिरावं आणि मित्रांच्या नावानं सांगण्यापलीकडे एक शब्द बोलू नये!

मग शोकेस उघडली आणि हसू पळालं. सांगाडे निळे, चेटकिणीचे केस निळे, राणी तर तू म्हणालास तशी बुडालेली. तिथेच उभ्यानं तुझं पत्र पुन्हा वाचलं. असं पत्र लिहायला तुला काय पडलं असेल, ते मला आता कळतंय. मी दोन ओळींत तुला वाऱ्यावर सोडलं, ते मनात ठेवू नकोस.

आता खरी गंमत ऐक. डावा डोळा अजून जुनाच आहे. उजवा झाकला की सगळं घर संध्याकाळचं होतं, मशालीच्या उजेडात असल्यासारखं. डावा झाकला की तेच घर बर्फात उभं. परवा मी प्राइमरचा पहिला हात मारलेला तुझा पांढराफटक ड्रॅगन समोर ठेवून एकेक डोळा झाकत बसले होते, आणि अंगावर सर्रकन काटा आला. अरे, लोक पुतळ्यावर दोन उजेड रंगवायला धडपडतात, अंदाजानं. मला ते दोन्ही दिसतायत! एकाच ड्रॅगनवर, एकाच खुर्चीत बसून! डाव्या बाजूला मशालीचा उजेड आणि उजव्या बाजूला बर्फाचा, असा मी तो रंगवणार. दुसऱ्या डोळ्याची तारीख मी प्रदर्शनानंतरची मागून घेतलीये. डॉक्टरीणबाई हसल्या, चालेल म्हणाल्या.

खडक खुंटीवरून काढ.

तुझी बहीण, एक डोळा नवा, एक जुना

---

८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आणि पत्र वाचून एकट्यानं मारलेली एक उडी.

लिफ्टच्या माथ्यावर बसून तुझं पत्र वाचलं. खालून सहकारी ओरडत होता, की लिफ्ट चालू करू का. मी त्याला सांगितलं, माझ्या बहिणीला दिसायला लागलंय, थांब जरा. तोही थांबला.

खडक बदललाय. डाव्या अंगाला एक खोबण कोरली आणि तिच्यात मशाल धरलेला एक बुटका सैनिक उभा केला, म्हणजे पिवळा उजेड कुठून येतोय ते बघणाऱ्याला कळेल. उजवीकडे नुसतं उघडं हिमाचं पठार ठेवलंय. बुटक्याची मशाल तू सांगशील त्या उंचीवर वाकवून देईन.

एकच सांगतो. डोळ्यात थेंब घालायचे दिवस आहेत तोवर टेबलावर ओणवी होऊ नकोस. भाऊजींना तुझ्यावर पहारा ठेवायला सांगितलंय. ते वाचनालयात पोरांना दटावायचे, तसं दटावतील.

ऊब कायम ठेव.

खटपट्या

---

१२ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
आशीर्वाद, रंगानं बरबटलेल्या हातांनी.

बुटका अगदी हवा तसा आहे. नाक थोडं तुझ्यासारखं वाटतं, ते मी लाल केलंय.

काम वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. उजवी बाजू सोपी. नव्या डोळ्यानं बघायचं आणि रंगवायचं. डाव्या बाजूला मात्र जुन्या डोळ्याला जे दिसतं, ते नव्या डोळ्याला पटेल असं कालवायचं. म्हणजे आधी जुन्यानं बघायचं, लक्षात ठेवायचं, तो झाकायचा आणि नव्यानं ताटलीत तोच रंग शोधायचा. मध, गवत, जुना कागद, चहाचा डाग. असल्या नावांनी मी रंग पाठ करते आणि हे शेजारी बसून मला ते आठवून देतात. खवल्याखवल्याला हा खेळ.

आणि मग पाठीचा कणा आला. दोन उजेड जिथे भेटतात ती जागा. तिथे सरळ रेष आली, दोन ड्रॅगन मधोमध शिवल्यासारखी. पुसलं, पुन्हा केलं, तर चिखल झाला. पुन्हा पुसलं. मी कुंचला आपटला आणि ह्यांना म्हटलं, की बाईंची चिठ्ठी यंदा ‘हात उत्तम, बुद्धी कमी’ अशी येणार.

हे शांतपणे म्हणाले, की तू इतके दिवस एक तरी डोळा झाकूनच बसलीयेस, दोन्ही उघडून पाहिलंस का कधी.

खटपट्या, मी दोन्ही डोळे उघडले. कण्यावर रेष नव्हतीच. तिथे एक करडा, मोत्यासारखा उजेड होता, धड पिवळा नाही, धड निळा नाही, जरा हललं की इकडचा तिकडे होणारा. मी तो उतरवला. एका बैठकीत, श्वास धरून. ह्यांचा चहा तसाच गार झाला.

रंग वाळलाय. तू येऊन बघ, म्हणजे माझा विश्वास बसेल.

ताई

---

२७ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाईंस,
बाकावर उभं राहून सप्रेम नमस्कार.

फोनवर मी नुसता ‘जिंकलो’ असं ओरडलो आणि तू म्हणालीस, की वाक्य पूर्ण करा. करतो.

ड्रॅगन मी सभागृहात माझ्या हत्यारांच्या पेटीतून नेला, मांडीवर धरून. एरवी टेबलं भिंतीला टेकवलेली असतात. ताईनं संयोजकांना सांगितलं, की तिचं टेबल मधे हवं, चारी बाजूंनी फिरता येईल असं. ते कुरकुरले. ती म्हणाली, मग मी ड्रॅगन हातात धरून दिवसभर गोल फिरेन. टेबल मधे आलं.

त्याच त्या परीक्षक बाई आल्या. पांढरे केस, गळ्यात भिंग, ओळखीचं हसू अजिबात नाही. समोर थांबल्या. मग डावीकडे गेल्या. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. ताईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ अजून आहेत. बाईंनी शेवटी विचारलं, की वरचा दिवा रंगीत आहे का. कुणीतरी सांगितलं, की दिवा साधाच आहे. त्यांनी स्वतःचा पांढरा रुमाल काढला, ड्रॅगनच्या एका बाजूला धरला, दुसऱ्या बाजूला धरला. रुमाल दोन्हीकडे पांढराच! तेव्हा त्या भिंग लावून कण्यावर वाकल्या आणि तिथेच थांबल्या. मागची रांग दारापर्यंत गेली.

मग त्यांनी ताईला विचारलं, की हा मधला उजेड तुम्ही कुठून आणलात. आपली ताई, जी वर्षभर या बाईंना द्यायची उत्तरं घासूनपुसून ठेवत होती, ती फक्त म्हणाली, की मला असंच दिसतं. आणि मग सगळं सांगितलं, मोतीबिंदू, निळी राणी, आकाशी शर्ट, सगळं. परीक्षक बाई ऐकताना आधी हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले, आणि म्हणाल्या, की गेल्या वर्षी मी रंग पाहिले आणि कारण विचारलं नाही.

गटातलं पहिलं बक्षीस जाहीर झालं तेव्हा ताई उठली. ती बसायच्या आत संपूर्ण प्रदर्शनातलं पहिलं जाहीर झालं, ते तिचंच. भाऊजींनी, ज्यांनी जन्मभर लोकांना ‘हळू बोला’ सांगितलं, त्यांनी खुर्चीवर चढून शिट्टी मारली! अख्खं सभागृह उभं होतं, बाई. टाळ्या थांबेनात. मी रडलो का, हे तू विचारणारच. हो, आणि नाकही त्या बुटक्यासारखं झालं.

परवा निघतोय. मायेनं वाट पाहा, आणि या वेळी तरी पत्रातल्या चुका लाल शाईनं दाखवू नकोस.

तुझा खटपट्या

---

२ एप्रिल

चि. खटपट्यास,
आता दोन्ही नव्या डोळ्यांनी आशीर्वाद.

दुसराही डोळा छान झाला. दातांची पट्टी पुन्हा मांडली; यावेळी ह्यांनी आकडे वाचायच्या आधीच मी टाळी वाजवली. राणीला आता नवा झगा रंगवतेय, खरा पांढरा.

एक विचित्र गोष्ट मात्र झाली. डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर मी सवयीनं एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्हीकडे बर्फच. तो मधासारखा उजेड गेला. मला हायसं वाटायला हवं होतं, वाटलंही, पण दिवसभर काहीतरी चुकल्यासारखंही होत होतं. ज्या उजेडात मी इतकी वर्षं राहिले, तो मला आता बघायचा तर ड्रॅगनच्या डाव्या बाजूला जावं लागणार.

डॉक्टरीणबाईंनी ड्रॅगन मागितला, त्यांच्या बाहेरच्या खोलीत ठेवायला. तिथे ऑपरेशनला घाबरणारी माणसं बसलेली असतात. काचेच्या पेटीत, मधोमध, चारी बाजूंनी फिरता येईल असा ठेवलाय. काल थेंबांची चिठ्ठी घ्यायला गेले होते. एक म्हातारे ट्रकड्रायव्हर बायकोबरोबर आले होते. दुसऱ्या डोळ्यासाठी तीन वेळा तारीख घेऊन तिन्ही वेळा पळालेले, असं ती माझ्याकडे कुरकुरत होती. आता आपल्याला काही त्रासच नाही, असं म्हणत ते उठले आणि कंटाळा आला म्हणून पेटीभोवती फिरू लागले. एक डोळा त्यांचा आधीच झालेला होता, मागे माझं होतं तसंच. डाव्या बाजूला थांबले. हातानं एक डोळा झाकला. मग दुसरा. बायकोला हाक मारली आणि काचेवर बोट ठेवून सांगितलं, की हे बघ, मला जुन्या डोळ्यानं असं दिसतं; तू किती वेळा विचारलंस, मला सांगता येत नव्हतं.

ते आत गेले, तारीख घ्यायला. ती बाई गेली नाही. पेटीपाशी, डाव्या बाजूला, पर्स छातीशी धरून किती तरी वेळ उभी होती. नवऱ्याला जग कसं दिसतं, ते ती पहिल्यांदाच बघत होती.

जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी ताई